दुपारचं नाटक, पाचची पंगत: न्यूयॉर्कमध्ये आठ जणांचं इटालियन जेवण

प्रश्न असा होता. जुलैमधला एक शनिवार, मॅनहॅटनमध्ये ब्रॉडवेवर दुपारी दोनचा संगीत नाटकाचा खेळ. तिकिटं काढून झालेली. खेळ सुटला की तिथेच जवळपास जेवायचं आणि ट्रेनने न्यू जर्सीत एडिसनला घरी यायचं. माणसं आठ, शिवाय नणंदेचं दहा महिन्यांचं बाळ बाबागाडीसकट. मुलीचा अकरावा वाढदिवस होता, त्यामुळे जेवण इटालियनच हवं, हे तिने आधीच सांगून टाकलं होतं.

रत्नागिरीहून सासू-सासरे महिनाभरासाठी आले होते, आणि खरी परीक्षा तिथे होती. सासूबाई माळकरी. मांस-मासळी नाही, अंडं नाही, दारूचा थेंब नाही, मग तो शिजवताना उडून का जाईना. कांदा-लसूण एकादशी सोडून चालतो, म्हणून तिकिटं काढण्याआधी मी कालनिर्णय बघून घेतलं होतं. सासरे मासळीवाले, मटण-चिकनला हात लावत नाहीत, पण ताटात मासा नसला तर त्यांना जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांच्या डाव्या कानाला श्रवणयंत्र आहे, आणि गोंगाटात ते यंत्र सगळेच आवाज मोठे करतं. नणंदेच्या नवऱ्याला काहीही चालतं. माझा चार वर्षांचा मुलगा नुसत्या पास्त्यावर लोणी घालून खातो. त्यावर हिरवं पान दिसलं की ताटली ढकलतो. दोन तास खुर्चीत बसणं त्याला जमत नाही.

अशा वेळी बहुतेक लोक फोन काढून "उत्तम इटालियन" शोधतात आणि तारे मोजतात. माझ्या मते आठ जणांच्या तीन पिढ्यांसाठी हा क्रम उलटा आहे. आधी वेळ ठरवावी, मग जेवण वाढण्याची पद्धत, मग स्वयंपाकघराला विचारायचे प्रश्न. चव त्याच्यानंतर.

वेळेचं गणित

ब्रॉडवेवर शनिवारी बहुतेक नाटकांचे दोन खेळ असतात, एक दुपारी दोनच्या सुमारास आणि एक रात्री आठच्या सुमारास. दुपारचा खेळ साधारण साडेचारला सुटतो. रात्रीच्या खेळाचे प्रेक्षक साडेपाचपासून जेवायला येऊ लागतात आणि साडेसातपर्यंत नाटकगृहांच्या आसपासची सगळी हॉटेलं गच्च भरलेली असतात. वेटर धावत असतो, कारण प्रत्येक टेबलाला आठच्या आत उठायचं असतं. त्या गर्दीत आजी-आजोबा, बाळ आणि एक चळवळ्या मुलगा घेऊन शिरणं म्हणजे सगळ्यांचाच छळ.

साडेचार ते साडेपाच हा मधला तास मात्र मोकळा असतो. अडचण एवढीच की चांगली छोटी इटालियन हॉटेलं दुपारचं जेवण संपलं की बंद होतात आणि पाच-साडेपाचला पुन्हा उघडतात. काही तर फक्त रात्रीच उघडी असतात. म्हणजे जी दुपारभर सुरू राहतात अशीच हॉटेलं शोधायची. या एका अटीने यादी एकदम आटोपशीर झाली, आणि आटोपलेल्या यादीत मोठी, गजबजलेली, घरगुती थाटाची हॉटेलंच उरली. आम्हाला नेमकी तीच हवी होती.

नाटक सुटल्यावर गर्दीतून बाहेर पडणं, स्वच्छतागृहाची रांग आणि सगळ्यांना एकत्र गोळा करणं यात पंधरा-वीस मिनिटं जातातच. न्यूयॉर्कमधली पुष्कळ हॉटेलं सगळी मंडळी हजर झाल्याशिवाय कुणालाच टेबलावर बसवत नाहीत. म्हणून पाचचं टेबल सांगितलं, पावणेपाचचं नाही.

आई-बाबांना येऊन आठवडाच झाला होता. जुलैमध्ये भारताचं घड्याळ न्यूयॉर्कच्या साडेनऊ तास पुढे असतं. संध्याकाळचे पाच म्हणजे त्यांच्या शरीराला रात्रीचे अडीच. सातनंतर दोघं पेंगायला लागत. त्यामुळे पाचची वेळ त्यांच्यासाठीही सोयीची होती. अमेरिकेत येणाऱ्या आई-वडिलांना पहिल्या दोन आठवड्यांत रात्री साडेआठच्या टेबलावर नेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. आपल्याला त्यांना शहर दाखवायचं असतं, आणि ते बिचारे आपल्याला वाईट वाटू नये म्हणून जागे राहतात.

कोणकोणत्या जागा पाहिल्या

नवऱ्याच्या मनात लोम्बार्डीज होतं. स्प्रिंग स्ट्रीटवरचं हे नाव अमेरिकेतलं पहिलं पिझ्झाचं दुकान म्हणून ओळखलं जातं, 1905 सालचं. मधे ते बंद होतं. 1994 मध्ये जवळच्याच जागेत पुन्हा सुरू झालं. आजोबा-नातवंडांना तिथे घेऊन जाण्यात मजा आहे, पण ते शहराच्या दक्षिण भागात. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेच्या निम्म्याहून जास्त स्थानकांना लिफ्ट नाही, आणि बाबागाडी आणि सासूबाईंचे गुडघे असा संगम असेल तर स्थानकाचे जिने हाच खरा नकाशा धरावा. त्यात तिथे मुख्य पदार्थ पिझ्झा, म्हणजे सासऱ्यांच्या मासळीला फारसा वाव नाही.

नणंद म्हणाली, "वहिनी, लिटल इटलीला जाऊ या की. नावातच इटली आहे." तिथला मलबेरी स्ट्रीट फिरायला छान आहे, सप्टेंबरात सान जेनारो या संताचा उत्सव 1926 पासून तिथे भरतो. पण इटालियन वस्ती तिथून केव्हाच पांगली आहे आणि आता त्या दोन-तीन गल्ल्या बहुतांशी पर्यटकांसाठी उरल्यात. जुनी वस्ती अनुभवायची तर ब्रॉन्क्समधल्या आर्थर अ‍ॅव्हेन्यूला जावं. फेरीवाल्यांना छताखाली आणण्यासाठी महापौर ला ग्वार्दिया यांनी 1940 मध्ये तिथे मंडई बांधून दिली, ती अजून चालू आहे. ताजं मोझरेला, पाव, सॉसेज, भाजी, सगळं एका छपराखाली. मला ती जागा फार आवडते, पण टाइम्स स्क्वेअरहून तिथे पोचायलाच तासाच्या आसपास लागतो आणि घर उलट्या दिशेला. नाटकाच्या दिवशी तो विचार सोडला.

मग नाटकगृहांच्याच परिसरातली नावं राहिली. 46व्या रस्त्यावर बेको आहे, शेफ लिडिया बास्तियानिच आणि त्यांच्या मुलाने 1993 मध्ये सुरू केलेलं. तिथली खासियत म्हणजे ठरलेल्या किमतीत त्या दिवसाचे तीन पास्ते वेटर टेबलाटेबलावर फिरून हवे तितके वाढतात. आग्रहाने वाढणारा वेटर कुठल्या मराठी माणसाला आवडणार नाही? पण ते तीन पास्ते रोज बदलतात, आणि ज्या माणसाला अंडं, मांसाचं पाणी, दारू असं सगळं टाळायचं आहे तिच्यासाठी आधी ठरवता न येणारं जेवण अवघड. घरात सगळे मिश्राहारी असते तर मी डोळे मिटून तिथे गेले असते.

मुलीचं मत जॉन्स ऑफ टाइम्स स्क्वेअरला. 44व्या रस्त्यावरच्या एका जुन्या चर्चच्या इमारतीत ते पिझ्झाचं हॉटेल आहे. रंगीत काचेचं छत, उंच दालन, भरपूर जागा. मुलं हरखून जातात. ऐनवेळी गरज पडली तर ही आमची पर्यायी जागा ठरली.

आणि त्याच 44व्या रस्त्यावर कारमाइन्स. मूळचं 1990 मध्ये अप्पर वेस्ट साइडला सुरू झालेलं आणि 1992 पासून टाइम्स स्क्वेअरमध्येही. दक्षिण इटलीहून आलेल्या कुटुंबांचं रविवारचं जेवण, ही त्यांची कल्पना. तिथे प्रत्येकाची वेगळी ताटली मागवायची पद्धत नाही. एकेक पदार्थ तीन-चार जणांना पुरेल एवढ्या मोठ्या थाळ्यात येतो, मध्ये ठेवला जातो आणि सगळ्यांनी वाढून घ्यायचा. आठ जणांच्या पंगतीला हे बसतं.

"खरं इटालियन" हा आग्रह

इथे घरात थोडा वाद झाला. नणंदेचा नवरा कामानिमित्त मिलानला जाऊन आलेला आहे. त्याचं म्हणणं, हे लाल सॉसचं अमेरिकन इटालियन म्हणजे खरं नाही. इटलीत स्पॅगेटीवर मांसाचे गोळे सहसा कुणी देत नाही, चिकन पार्मेझान (टोमॅटो सॉस आणि चीज घातलेलं तळलेलं चिकन) तिथे सहसा मिळत नाही. त्याची माहिती बरोबर आहे, पण निष्कर्ष मला पटत नाही.

1880 ते 1924 या काळात सुमारे चाळीस लाख इटालियन अमेरिकेत आले. बहुतेक दक्षिणेतले: नेपल्सच्या आसपासचे, कालाब्रियाचे, सिसिलीचे. गावाकडे मांस सणासुदीला मिळे. अमेरिकेत मजुरीच्या पैशात ते आठवड्याला परवडू लागलं, तशी घरच्या टोमॅटोच्या रश्शात मांसाचे मोठे गोळे पडू लागले, चीजचा थर जाड झाला, परात मोठी झाली. रविवारी चर्चहून आल्यावर सगळं कुटुंब दुपारपासून त्या परातीभोवती बसे. 1924 च्या कायद्याने हे स्थलांतर जवळजवळ थांबवलं, पण तोवर हा स्वयंपाक इथे रुजला होता. परमुलखात आलेल्या आयांनी मिळेल त्या सामानात घरच्यांसाठी केलेला तो स्वयंपाक आहे. एडिसनच्या दुकानातली गोठवलेली भेंडी आणि मेक्सिकन मिरच्या घेऊन आम्ही जी भाजी करतो, ती खोटी म्हणायची का? मोठ्या कुटुंबासाठीच जन्मलेलं जेवण मोठ्या कुटुंबाला सोयीचं पडावं, यात नवल काही नाही. मिलानच्या धर्तीचं छोटं, नेमकं हॉटेल दोघांसाठी उत्तम. आठ जणांना ते पेलत नाही.

फोनवरचे प्रश्न

"तुमच्याकडे शाकाहारी मिळतं का?" हा प्रश्न मी विचारत नाही. त्याचं उत्तर सगळीकडे "हो" असंच येतं, आणि त्या "हो"मध्ये कोंबडीच्या पाण्यात शिजलेला भात बसतो. विचारायचं तर घटकांची नावं घेऊन, आणि गर्दीची वेळ टाळून दुपारी तीनच्या सुमारास. इटालियन स्वयंपाकात माळकरी माणसाला कुठे-कुठे अडायला होतं, ते इथे लिहिते, कारण घरोघरी हाच गोंधळ होतो.

रिसोत्तो (इटालियन मऊ भात) आणि सूप: बहुधा कोंबडीचं किंवा मांसाचं पाणी. मिनेस्त्रोने भाज्यांचं दिसतं, पण त्यात डुकराच्या मांसाचा तुकडाही असू शकतो. सीझर सॅलडच्या मसाल्यात अँचोव्ही ही छोटी खारवलेली मासळी असते, पुत्तानेस्का सॉसमध्येही. मारिनारा म्हणजे टोमॅटो, लसूण, तेल, ओरेगानो, तरी काही ठिकाणी त्यातही अँचोव्ही पडते, म्हणून विचारावं. वोदका सॉस आणि मार्साला सॉस यांत नावातच दारू. पास्ता सुका असेल तर तो बहुधा कडक गव्हाचा रवा आणि पाणी एवढाच. ताजा पास्ता, रॅव्हिओली, फेत्तुचिनी यांत बऱ्याचदा अंडं. वांग्याचं पार्मिजाना ऐकायला अगदी आपलं वाटतं, पण अमेरिकेत काप अंड्यात बुडवून मग पावाच्या चुऱ्यात घोळवायची पद्धत आहे. तळलेल्या भाज्या ज्या तेलात, त्याच तेलात माकुल (स्क्विड) तळलेलं असतं का, हाही प्रश्न लागतो. तिरामिसूत अंडं, आणि पुष्कळदा दारू.

आणि चीज. पार्मिजानो रेज्जानो हे नियमानेच वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध साकळवणारा पदार्थ, घालून बनवतात. पेकोरिनो रोमानोला कोकराचं. अमेरिकेतलं बरंचसं साधं मोझरेला मात्र सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असतं. हे सासूबाईंना सांगावं की नाही, यावर नवरा घुटमळत होता. मी सांगितलं. त्यांचा नेम त्यांचा आहे. पाळायचा कसा हे त्यांनी ठरवायचं, आपण माहिती लपवून ठरवायचं नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग वरून किसलेलं चीज नको सांग. मला तेवढ्याविना काही अडत नाही."

शोधाच्या ओघात अप्पर वेस्ट साइडच्या एका लहान हॉटेलला फोन केला होता. तिथल्या बाईंनी स्वच्छ सांगितलं की त्यांचा सगळा पास्ता घरी अंड्यात मळलेला असतो आणि बाबागाडीला आत जागा नाही. मला असं स्पष्ट "नाही" फार उपयोगी वाटतं. "बघू, करून देऊ" म्हणणारं हॉटेल टेबलावर बसल्यावर अडचणीत आणतं.

जेवणाची संध्याकाळ

शेवटी कारमाइन्स ठरलं. आरक्षण करतानाच तीन गोष्टी सांगितल्या होत्या: बाळासाठी उंच खुर्ची, बाबागाडी मिटून ठेवायला जागा, आणि जमलं तर भिंतीकडेचं टेबल. ही शेवटची मागणी सासऱ्यांच्या कानासाठी. कारमाइन्स शांत जागा नाही. लाकडी फरशी, फोटोंनी भरलेल्या भिंती, मोठमोठी टेबलं. मुलांच्या दृष्टीने हा गोंगाट वरदानच, कारण तुमच्या मुलाचं ओरडणं कुणाला ऐकू येत नाही. म्हाताऱ्या माणसाला मात्र त्यात एकटं पडायला होतं. बाबांना कोपऱ्यात, यंत्राचा कान भिंतीकडे आणि चांगला कान आमच्याकडे असं बसवलं, शेजारी नात. पाचला हॉल अर्धाच भरला होता, तेही पथ्यावर पडलं.

आठ जणांनी पाच थाळे मागवले: लसूण-तेलातली स्पॅगेटी चीजशिवाय, मारिनारातला पास्ता, शिंपल्यांची लिंग्विनी, तळलेलं माकुल आणि चिकन पार्मेझान. मुलासाठी लोणी घातलेला पास्ता वेगळा करून दिला. वेटरला सुरुवातीलाच एका वाक्यात सांगितलं की आमच्या आजी मांस, मासे, अंडं आणि दारू काहीच घेत नाहीत, आणि स्वयंपाकघरात विचारून ये. तो जाऊन विचारून आला. हा एक मिनिटाचा फेरा प्रत्येक वेळी घ्यावा, आधी फोन केलेला असला तरी.

मधोमध थाळे ठेवायच्या पद्धतीत एक अडचण आहे, आणि ती आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असते: वाढायचे चमचे. गप्पांच्या नादात माकुलाचा चमचा स्पॅगेटीत जायला क्षण लागत नाही. म्हणून टेबलाची विभागणी केली. सासूबाईंच्या टोकाला दोन्ही शाकाहारी थाळे, बाबा आणि नणंदेचा नवरा बसलेल्या टोकाला बाकीचे, आणि शाकाहारी थाळे प्रत्येक वेळी आधी फिरवायचे. शाकाहारी टोकाचे चमचे सासूबाईंच्या हाती. याचा एक परिणाम मी धरला नव्हता. त्या वाढू लागल्या. अमेरिकेत आल्यापासून हॉटेलात प्रत्येकाची ताटली वेगळी आली की त्या अवघडून बसायच्या, दुसऱ्याच्या पुढ्यातलं बघायचं नाही म्हणून मान खाली. इथे त्या उभ्या राहून नातवंडांना, मुलाला, जावयाला वाढत होत्या, "अजून घे" म्हणत होत्या. लसणाची स्पॅगेटी तोंडात घालून म्हणाल्या, "ही तर लसणीची फोडणीच की, नुसती शेवयांवर घातलेली." सुक्या मिरचीचा चुरा मागून घेतला आणि वरून भुरभुरला.

बाबांनी शिंपल्या बघताच "तिसऱ्या!" म्हणून थाळा जवळ ओढला. नारळ नाही याची खंत बोलून दाखवली, पण कवचं मोजून संपवली. मुलगी वाढदिवसाच्या आइस्क्रीमकडे डोळे लावून होती. तिथला टायटॅनिक नावाचा आइस्क्रीमचा डोंगर सगळ्या टेबलाला पुरतो. मुलगा चाळीस मिनिटांनी टेबलाखाली गेला, आणि नणंद त्याला बाळासोबत बाहेर फेरी मारून घेऊन आली.

बिल

थाळ्याची किंमत वाचून आधी छातीत धस्स होतं, कारण ती एका माणसाची समजली जाते. चारांनी भागली की ती आसपासच्या इतर हॉटेलांइतकी किंवा थोडी कमीच पडते. न्यूयॉर्क शहरात जेवणावर 8.875 टक्के विक्रीकर लागतो आणि वेटरला 18 ते 20 टक्के टिप द्यायची रीत आहे, म्हणजे यादीतल्या आकड्यावर जवळजवळ तीस टक्के धरून चालावं. जास्त माणसांच्या टेबलाच्या बिलात कधी सेवाशुल्क आधीच मिळवलेलं असतं. ते बघूनच टिप लिहावी, नाहीतर दोनदा दिली जाते. बाबांनी टिपेचा आकडा ऐकून भुवया उंचावल्या, तेव्हा नवऱ्याने त्यांना सांगितलं की इथे वेटरचा पगार बराचसा त्यावरच चालतो. मग त्यांनीच नोट काढून मुलाच्या हातात ठेवली.

साडेसहाला आम्ही बाहेर, तेव्हा दारात रात्रीच्या खेळाच्या लोकांची रांग लागत होती. पेन स्टेशन दहा रस्ते दक्षिणेला. मॅनहॅटनमध्ये असे वीस रस्ते म्हणजे एक मैल, म्हणून दहा रस्ते अर्धा मैल. सासूबाईंसाठी टॅक्सी केली, बाकीचे चालत. उरलेला पास्ता डब्यांत बांधून घेतला होता. मारिनाराचा डबा आणि माकुलाचा डबा वेगळ्या पिशव्यांत, हे सांगायला नकोच.

हाच प्रश्न दुसऱ्या घरी

आमच्या घराला बसलं ते सगळ्यांना बसेलच असं नाही. घरात कुणी जैन असेल तर कांदा-लसणाशिवाय या स्वयंपाकात फार थोडं उरतं. तिथे मी पिझ्झाची जागा धरेन, सॉस बाजूला ठेवून ताज्या टोमॅटोचा पिझ्झा मिळतो का हे विचारेन, आणि मोझरेला कुठलं ते विचारेन. मंडळी चारच असतील तर मोठ्या थाळ्यांत निम्मं अन्न उरतं. त्यांनी सरळ बेकोला जावं. रात्रीच्या खेळाची तिकिटं असतील तर खेळाआधी साडेचारला जेवून घ्यावं, नंतर अकराला नाही.

नणंदेच्या सासरची मंडळी डिसेंबरात येणार आहेत, बारा जण, सगळे मासे-मटण खाणारे आणि कुणालाच नाटक बघायचं नाही. त्यांच्यासाठी मी आत्ताच आर्थर अ‍ॅव्हेन्यूचा शनिवार सुचवून ठेवलाय: सकाळी मंडई, दुपारी जेवण, आणि येताना ताजं मोझरेला.